गुडघ्यापर्यंतचे महाराज

"महाराज, तुम्हाला पोहता येतं का?"

प्रश्न हवेत गेला आणि किनाऱ्यावरची चारशे माणसं चिडीचूप झाली. पुढच्या रांगेतल्या एका बाईंच्या हातातली बाटली वाळूत पडली. लाउडस्पीकर तेवढा खरखरत राहिला, कारण त्याची कोणावरच श्रद्धा नव्हती.

विचारणारी मुलगी नववीतली. मैत्रिणी तिला भोंगा म्हणायच्या. गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी वर्गात 'हजर' म्हणायलासुद्धा घाबरायची. मग शाळेच्या नाटकात तिला एक काम मिळालं. वाक्य एकही नाही, नुसता पडद्यामागून आगीच्या बंबाचा आवाज काढायचा. तो तिने असा काढला की शेजारच्या इमारतीचा पहारेकरी बादली घेऊन धावत आला. त्या दिवशी तिला कळलं, आपल्या गळ्यात काहीतरी आहे. तेव्हापासून ती बोलतच सुटली होती.

आणि आज लांबडी आणि चष्मिष या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी तिला बरोबर कोंडीत पकडलं होतं. "भोंगा म्हणून मिरवतेस ना? मग विचार त्यांना. नाही विचारलंस तर आठवडाभर आमची दप्तरं तुझ्या पाठीवर."

दप्तरं जड होती. तिने विचारलं.

महाराज फळ्यांच्या मंचावर उभे होते. पांढरी शुभ्र कफनी, गळ्यात छोटा माइक, चेहऱ्यावर आत्ताच दुपारची झोप झाल्यासारखी शांती. त्यांच्यामागे वाळूत दोन पांढरे झेंडे रोवले होते, एकमेकांपासून वीसेक पावलांवर. झेंड्यांच्या डावीकडे समुद्र धडाधड फुटत होता. उजवीकडेही फेसच फेस. आणि मधल्या पट्ट्यात? मधल्या पट्ट्यात पाणी इस्त्री केल्यासारखं. एकही लाट फुटत नव्हती. गडद, गुळगुळीत वाट थेट आतपर्यंत गेलेली. महाराजांनी म्हणे डोळे मिटून समुद्राला विनंती केली होती आणि त्याने तेवढीच जागा शांत करून दिली होती. समुद्राला वेळ होता म्हणायचा.

महाराज मंद हसले. "बाळा, मासा पोहतो. होडी पोहते. ज्याला समुद्र स्वतःच उचलून घेतो त्याने हातपाय कशाला मारायचे? पोहतो तो, ज्याचा पाण्यावर विश्वास नसतो."

"वा!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"आणि तुला गं? तुला येतं का पोहता?"

भोंगाचे कान गरम झाले. "नाही," ती म्हणाली. आवाज गेल्या वर्षीचा निघाला.

चारशे माणसं खदखदून हसली. त्यात एक माणूस मात्र हसला नाही. तो डोळे मिटून, मान खाली घालून रांगेत उभा होता, आणि त्याला वाटत होतं की जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. ते तिचे बाबा.

बाबांचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, आणि बाबांच्याच तिरप्या अक्षरात लिहिलेला दरफलक. वर्षभरापासून त्यांच्या दोन्ही हातांची कातडी फाटत होती. लाल चट्टे, भेगा, रात्रंदिवस खाज. गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं, आरशात बाबांचे हात बघायचं आणि म्हणायचं, "अरे, विसरलोच, मला एकीकडे जायचंय." असं विसरणारे वाढत चालले होते. बाबा कोणाला काही बोलत नसत. नुसती कात्री पुसत बसत.

मग महाराज आले. उपाय साधा होता. पाच रविवार. पहिल्या रविवारी घोट्यापर्यंत पाण्यात, दुसऱ्या रविवारी पोटरीपर्यंत, मग गुडघा, मग कंबर, आणि पाचव्या रविवारी गळ्यापर्यंत. सगळं त्या दोन झेंड्यांच्या मधल्या शांत पट्ट्यात. महाराज स्वतः गुडघाभर पाण्यात उभे राहून आशीर्वाद देत. शिवाय हलक्या लाकडाच्या बशीएवढ्या चकतीवर आपल्या रोगाचं नाव लिहून ती समुद्रात सोडायची. महाराज आधी एक कोरी चकती झेंड्यांच्या बाहेर टाकून दाखवत. लाटांबरोबर ती दोन मिनिटांत परत वाळूवर. "नाकारलं!" मग रोग्याची चकती झेंड्यांच्या मध्ये टाकत. ती सरसर सरसर थेट आत निघून जाई, ठिपका होई, दिसेनाशी होई. "स्वीकारलं!" लोक रडत. खरंच रडत.

त्या रविवारी बाबांचा नंबर कमरेचा होता.

"पायाखालची वाळू निसटते गं," घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितलं. "कोणीतरी आत ओढतंय असं वाटतं. महाराज म्हणतात, तो रोग ओढला जातोय."

"रोग हाताला आणि ओढ पायाला?" भोंगा म्हणाली.

"तू बोलूच नकोस. चारचौघांत माझं नाक कापलंस आज."

आई हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. आताही घरची चादर घडी घालत होती. ती हळूच म्हणाली, "पण हात बरे दिसतायत बरं का."

दिसतच होते. भेगा मिटत आल्या होत्या. महाराजांनी पाच आठवडे साबण, शाम्पू आणि केसांचा रंग यांना हात लावायला मनाई केली होती. बाबांनी ती काटेकोर पाळली होती; केस धुणं आणि रंगवणं सगळं दुकानातल्या दुसऱ्या कारागिराकडे. भोंगाने टेबलाचा खण उघडला आणि आठ महिन्यांपूर्वीचा डॉक्टरांचा कागद काढून मोठ्याने वाचला. "केसांचा रंग व शाम्पूचा स्पर्श टाळणे. हातमोजे वापरणे." खाली तारीख, सही, शिक्का.

"डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं, बाबा. फक्त त्यांच्याकडे झेंडे नव्हते."

बाबांनी कागद घेतला, परत खणात ठेवला आणि खण जरा जोरातच बंद केला.

सोमवारी शाळेत भूगोलाच्या बाईंनी प्रकल्प दिला: आपल्या परिसरातील किनाऱ्यांचे प्रकार आणि त्यांचे धोके. लांबडी म्हणाली, किनारा म्हणजे वाळू, त्यात प्रकार कसले? चष्मिष म्हणाली, नेटवरून चित्रं चिकटवू. भोंगा मात्र संध्याकाळी शिट्टीमावशीकडे गेली.

शिट्टीमावशी म्हणजे नगरपालिकेची जीवरक्षक. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, गळ्यात शिट्टी. एका उंच लाकडी खुर्चीवर बसून ती दिवसभर लोकांवर शिट्ट्या मारायची आणि लोक दिवसभर तिला नावं ठेवायचे. महाराज आल्यापासून तर तिला कुत्रं विचारत नव्हतं. तिने दोनदा वर तक्रार केली होती. पण नगरपालिकेतल्या साहेबांच्या सासूबाई महाराजांच्या गर्दीत दुसऱ्या रांगेत बसायच्या, त्यामुळे तक्रारीही बसूनच राहिल्या.

"किनाऱ्यांचे प्रकार?" मावशी खुर्चीवरून उतरली. "लिहून घे. आपल्या गावात तीन किनारे आहेत आणि तिघांचे तीन स्वभाव. बंदराकडचा आहे तो आरडाओरडा करणारा. अगदी सपाट. लाटा लांबवर फुटतात, एकामागून एक, आणि तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्यांच्यात दम उरत नाही. बघून छाती दडपते, पण शिकायला तोच बरा. फक्त भरतीचं भान ठेवायचं. चालत चालत आत जातेस आणि परत यायचं अंतर दुप्पट होऊन बसतं."

"दुसरा?"

"बर्फाच्या कारखान्यामागचा. तो फटका मारणारा. उभा उतार, जाड वाळू. दोन पावलं टाकलीस की पाणी कमरेला. लाट लांब फुटतच नाही, थेट काठावर येऊन आपटते. माणसाला उचलते आणि डोक्यावर पाडते. गेल्या वर्षी तिथे खांद्याची हाडं मोडलेले तिघे मी बाहेर काढलेत. पण तो निदान तोंडावर वाईट वागतो."

"आणि तिसरा? महाराजांचा?"

मावशीने खाली बसून वाळूत बोटाने एक लांब उंचवटा केला. मध्ये एक खिंडार पाडलं. "तो गोड बोलणारा. सगळ्यात जास्त माणसं यानेच खाल्लीत. हा बघ पाण्याखालचा वाळूचा बांध. बांधावर पाणी उथळ, म्हणून लाट तिथे फुटते, पांढरी होते. फुटलेलं सगळं पाणी काठावर येऊन साचतं. साचलेलं पाणी परत जाणार कुठून?"

भोंगाने खिंडाराकडे बघितलं. "इथून."

"इथून. सगळं एकाच दारातून बाहेर. तिथे खोल असतं म्हणून लाट फुटत नाही. गुळगुळीत दिसतं, गडद दिसतं. लोकांना वाटतं, वा, इथे समुद्र शांत आहे. अगं, तो शांत नाहीये, तो निघालाय! आणि जो मध्ये उभा राहील त्याला घेऊन निघालाय. आम्ही त्याला ओढ म्हणतो. पट्टीचा पोहणारासुद्धा तिच्याविरुद्ध पोहला तर दमून बुडतो. पाठीवर नुसता तरंगत राहिला तर मोठ्या लाटांपलीकडे ती आपणच सोडते, मग फेसाच्या दिशेने आडवं यायचं."

भोंगाच्या हातातलं पेन थांबलं. "म्हणजे महाराजांनी झेंडे..."

"बरोब्बर ओढीवर रोवलेत. मी जिथे लाल झेंडा लावला असता तिथे त्याने पांढरे लावलेत."

"चार आठवडे कोणी कसं बुडलं नाही?"

"घोट्याला कोण बुडणार? कमरेपर्यंत वजन पायावर असतं, माणूस तग धरतो. गळ्यापर्यंत गेलं की पाय सुटतात." मावशी उठली, हात झटकले. "येत्या रविवारी पहिली तुकडी गळ्यापर्यंत जाणार ना? आणि वारा वाढणार आहे शुक्रवारपासून. कोण कोण आहे त्या तुकडीत?"

"माझे बाबा," भोंगा म्हणाली.

तिला दोन गोष्टी खटकत होत्या. समुद्राने स्वीकारलेल्या शेकडो चकत्या जातात कुठे? आणि वाळूचा बांध सरकला की ओढही सरकते असं मावशी म्हणाली, मग महाराजांचे झेंडे दर रविवारी नेमके योग्य जागी कसे?

गुरुवारी, दिवस उजाडता उजाडता, ती त्या किनाऱ्यावर पोचली आणि एका पालथ्या होडीमागे बसली. फार वेळ बसावं लागलं नाही. अर्ध्या चड्डीतला एक गृहस्थ शीळ घालत आला. अंगात कुठल्याशा टायरची जाहिरात छापलेला बनियन, खांद्यावर पोतं. तो सरळ झेंड्यांपासून शंभर पावलं बाजूला, खडकांच्या अलीकडे गेला, वाकला, आणि वाळूत येऊन पडलेल्या चकत्या एकेक करून पोत्यात भरू लागला. मध्येच त्याने कंबर धरली आणि "आई गं" म्हणाला.

कफनी नव्हती, शांती नव्हती, पण ते पोट तेच होतं. महाराज!

पोतं भरल्यावर ते वाळूच्या टेकाडावर चढले, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून लाटांकडे बराच वेळ बघत राहिले, फेसातली गडद फट हेरली आणि खाली येऊन झेंडे उपटून सात पावलं उजवीकडे रोवले. हाच तो साक्षात्कार. म्हणजे या माणसाला ओढ चांगली ठाऊक होती. तोंडपाठ होती. म्हणूनच तो स्वतः गुडघ्याच्या वर कधी भिजत नव्हता!

ते गेल्यावर भोंगाने खडकाच्या कपारी धुंडाळल्या. महाराजांच्या नजरेतून सुटलेल्या तीन चकत्या मिळाल्या. एकीवर दरफलकासारखं तिरपं अक्षर: 'दोन्ही हात'. तिने ती उजेडाकडे तिरकी धरली. बाबांच्या अक्षराखाली खरवडून काढलेलं दुसरं, पुसट अक्षर होतं: 'दमा'. दुसऱ्या कुठल्यातरी गावातला कोणाचातरी दमा समुद्राने परत पाठवला होता, महाराजांनी तो घासला होता आणि त्यावर बाबांनी आपले हात लिहिले होते.

शाळेत न जाता ती थेट दुकानात गेली. चकती आरशासमोर ठेवली, पाहिलेलं सगळं सांगितलं, टायरच्या बनियनसकट.

बाबांनी चकती उलटसुलट केली. अक्षर त्यांचंच. त्यांनी ती परत आरशासमोर ठेवली. मग म्हणाले, "समुद्राने रोग घेतला. लाकूड परत दिलं. लाकडाचं तो काय करणार?"

भोंगाला हसावं की किंचाळावं कळेना.

"बाबा, तुम्हाला पोहता येत नाही."

"चार रविवार झाले. एक राहिलाय. अर्धवट सोडलं तर हात परत तसे होतील."

"साबण लावलात तर होतील!"

"हे बघ," बाबा एकदम मऊ आवाजात म्हणाले, "परवा एक गिऱ्हाईक आलं. माझे हात बघितले आणि बसलं. उठलं नाही. वर्षाने कोणीतरी उठलं नाही गं. तुला नाही कळायचं."

ते तिला कळलं. म्हणूनच तिला त्या बनियनवाल्याचा जास्त राग आला.

रविवारी समुद्र खवळलेला होता. शिट्टीमावशीने सकाळीच लाल झेंडा चढवला. महाराज म्हणाले, "बाहेर जितकं वादळ, तितकी आत शांती बघा!" आणि खरंच, दोन्ही बाजूंना लाटा माणसाएवढ्या उसळत होत्या आणि मधला पट्टा पूर्वीपेक्षाही गुळगुळीत दिसत होता. गर्दी दुप्पट. गळ्यापर्यंत जाणारे सहा जण पांढऱ्या कपड्यात रांगेत. सगळ्यात पुढे बाबा. बाजूला आई, हातात कोरडा टॉवेल.

भोंगा तयारीनिशी आली होती. आईच्या हॉटेलच्या स्वयंपाकघरातून टाकून द्यायची मऊ पडलेली संत्री तिने पिशवी भरून मागून आणली होती. लांबडी आणि चष्मिष झेंड्यांच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या, भोंगा मधोमध.

"एक मिनिट!" भोंगा ओरडली. माइक लागत नव्हता तिला. "फेका गं!"

संत्री पाण्यात पडली. बाजूची संत्री लाटांबरोबर उड्या मारत वाळूवर परत आली. मधली संत्री? मधली अशी निघाली जणू त्यांना गाडी गाठायची होती. बघता बघता ती मोठ्या लाटांच्या पलीकडे गेली.

"स्वीकारलं!" सवयीने एकजण ओरडला.

"काका, संत्र्याला कुठला रोग होता?"

कोणीतरी फिसकन हसलं. भोंगाने पिशवीतून तीन चकत्या काढल्या. "आणि या समुद्राने स्वीकारलेल्या चकत्या. तिकडे खडकापाशी परत येतात. महाराज पहाटे अर्ध्या चड्डीत येऊन त्या गोळा करतात. घासून पुन्हा वापरतात. या एकीवर बघा, वर 'दोन्ही हात', खाली 'दमा'. 'पाठदुखी' कोणाची आहे?"

"माझी," रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात वर केला.

"घ्या, परत आली."

आता हशा मोठा झाला. महाराजांच्या कपाळावर घाम आला, पण आवाज लोण्यासारखाच राहिला. "बाळा, ज्याच्या घरातच अविश्वास आहे त्याचा रोग कसा जाणार? सांगा, कोणाची मुलगी ही?"

सगळ्या माना बाबांकडे वळल्या. आणि इथे भोंगाची चूक झाली. तिने गर्दीला पटवलं होतं. बाबांना मात्र तिने आठशे माणसांसमोर उघडं पाडलं होतं. बाबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. वळले आणि झेंड्यांच्या मधून तरातरा पाण्यात शिरले. गुडघा. कंबर. छाती.

"अहो!" आई ओरडली.

मग पाय सुटले.

एका क्षणी बाबा तिथे होते आणि दुसऱ्या क्षणी दहा हात आत. त्यांनी वळून किनाऱ्याकडे हात मारायला सुरुवात केली. हात मारत होते आणि मागे जात होते. डोकं एकदा पाण्याखाली गेलं. वर आलं. लांबवर शिट्टी वाजली. मावशी बुडणाऱ्याला धरायला द्यायचं तरंगतं लाल नळकांडं बगलेत मारून धावत निघाली होती, पण तिची खुर्ची तीनशे पावलं दूर होती.

"महाराज, वाचवा त्यांना!" आईने कफनी धरली. "तुमचं ऐकतो ना समुद्र? जा ना!"

"जा महाराज!" "थांबवा त्याला!" गर्दी पुढे रेटली. महाराज ढकलले गेले. घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत, गुडघ्यापर्यंत. पाणी मांडीला लागलं आणि त्यांची ती सगळी शांती फाटली.

"अरे सोडा! सोडा मला! मला पोहता येत नाही!"

गळ्यातला माइक चालू होता. लाउडस्पीकरने ते वाक्य सगळ्या किनाऱ्याला ऐकवलं.

भोंगाला ते ऐकू आलं की नाही, तिला आठवत नाही. ती वाळूवर उभी होती, दोन्ही हात तोंडाभोवती धरून, आणि आगीच्या बंबापेक्षा मोठ्या आवाजात ओरडत होती. "बाबा! इकडे पोहू नका! पाठीवर पडा! पाठीवर! नुसतं तरंगा! ती सोडेल तुम्हाला!"

लाटांच्या त्या गडगडाटातून एकच आवाज पार जाऊ शकत होता आणि तो गेला. बाबांनी हात मारणं थांबवलं. त्यांचं पोट वर आलं, मग तोंड, मग पायाची बोटं. समुद्र त्यांना मोठ्या लाटांच्या पलीकडे घेऊन गेला, तिथे त्याचा जोर संपला, आणि मग तो त्यांना हळूहळू बाजूला सरकवू लागला. बरोबर संत्र्यांच्या मागोमाग. मावशी पाण्यात शिरली, पण झेंड्यांमधून नव्हे, बाजूच्या फेसातून. पोचली तोवर बाबा वाळूच्या बांधावर टेकले होते. मावशीने नळकांडं त्यांच्या छातीशी दिलं, दंड धरून उभं केलं. आणि गावाने बघितलं की इतक्या आत, फेसाच्या धुमाकुळात, माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा आहे! जिथे समुद्र गर्जत होता तिथे पाय टेकत होते.

मावशीने त्यांना पांढऱ्या लाटांमधून चालवत आणलं. काठावर बाबा ओणवे होऊन खोकले, पाणी ओकले, आणि आईने टॉवेल त्यांच्या डोक्यावर असा दाबला की पुन्हा गुदमरले.

महाराज मंचामागून काढता पाय घेत होते. पण साहेबांच्या सासूबाईंनी छत्रीची मूठ त्यांच्या कफनीत अडकवली आणि म्हणाल्या, "थांबा. पोलीस येतायत. त्यांना सांगा तुमच्या समुद्राच्या गोष्टी."

मावशीने महाराजांच्या गळ्यातला माइक काढला आणि भोंगाच्या हातात दिला. "तूच सांग. माझी शिट्टी ऐकून ऐकून कंटाळलेत हे."

भोंगाने सांगितलं. वाळूचा बांध, त्यातलं खिंडार, साचून परत निघणारं पाणी. "पांढरं दिसतं तिथे उथळ असतं आणि गडद, गुळगुळीत दिसतं तिथे समुद्राचं बाहेर जायचं दार असतं. महाराजांनी काही शांत केलं नव्हतं. त्यांनी फक्त ते दार ओळखलं आणि तुम्हाला त्यात उभं केलं. चुकून अडकलात तर भांडू नका, तरंगा, हात वर करा, मग पांढऱ्या लाटांच्या दिशेने आडवं या. एवढंच आहे. यात गुपित काही नाही, कोणीही वाळूत बसून बघितलं तर दिसतं. पण आपण बघतच नाही ना! कोणी कफनी घालून सांगितलं की डोळे मिटतो आणि शिट्टी वाजवून सांगितलं की कान मिटतो. पुढच्या वेळी कोणी चमत्कार दाखवला तर आधी एक संत्रं टाकून बघा. आणि चमत्कार करणारा स्वतः कुठपर्यंत भिजतो तेही बघा."

टाळ्या वाजल्या. तिने माइक परत दिला, कारण तिला रडू येत होतं आणि ते चारचौघांत नको होतं.

संध्याकाळी घरात चहा झाला. बाबा खुर्चीत चादर पांघरून बसले होते. मग बाबांनी टेबलाचा खण उघडला, डॉक्टरांचा कागद काढला आणि आईला म्हणाले, "तुमच्या धुलाईखान्यात ते रबरी हातमोजे असतात ना? कुठे मिळतात ते?"

"उद्या आणते," आई म्हणाली आणि उगाचच आणखी एक चादर घडी घालू लागली.

बाबा भोंगाकडे वळले. "ओरडत होतीस तेव्हा सगळं काळं झालं होतं गं डोळ्यांपुढे. फक्त आवाज येत होता."

"मी तुम्हाला सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं."

"नको होतं," बाबा म्हणाले. "पण जरा हळू ओरडली असतीस तर आज मी नसतो."

भोंगा उठून उभी राहिली. वर्गात उत्तर देताना राहते तशी.

"मी एक ठरवलंय. त्या माणसाने मला विचारलं होतं, तुला पोहता येतं का, आणि मी नाही म्हणाले. बाबांना बुडताना बघत मी काठावर उभी होते, नुसता गळा घेऊन. पुन्हा तशी उभी राहणार नाही. उद्यापासून सकाळी साडेसहाला, बंदराकडच्या सपाट किनाऱ्यावर, मी शिट्टीमावशीकडे पोहायला शिकणार आहे. नीट आलं की जीवरक्षकाचं शिकणार आहे. मावशीला विचारून आलेय, तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय." तिने श्वास घेतला. "आणि बाबा, मावशीकडे मी दोघांची नावं दिलीत."